करड्या डोळ्याचा पत्ता

भिंगरी : नाही म्हणतोय, आजी. मी फिरवून फिरवून विचारलं. नाही म्हणजे नाही.

आजी : कोण नाही म्हणतोय?

भिंगरी : संगणक. मी विचारलं, यादीत ‘करडा-१४’ आहे का? तो म्हणतो, नाही.

आजी : आणि तुझा मामा काय सांगून गेलाय?

भिंगरी : मामा म्हणतो, आहे. ‘चौदा मापाचा करडा डोळा मी माझ्या हातानं ठेवलाय, पण करड्यांच्या खणात दिसत नाही. तुझ्या यादीनं शोधून दिला, तर डॉक्टरबाईंच्या बाहुलीला तो तू बसवायचास.’ तू होतीस ना तेव्हा? साक्षीदार आहेस तू!

आजी : होते बाई. बोलावशील तिथे येऊन साक्ष देईन.

भिंगरी : सगळी सुट्टी मी मामाच्या या बाहुल्या दुरुस्त करायच्या दुकानातल्या डब्या उघडून यादी टाइप करतेय. बाहुल्यांचे डोळे, डोळे आणि डोळे. स्वप्नातसुद्धा माझ्यावर वटारतात. आणि मामानं त्याच्या कामाच्या टेबलाला अजून बोट लावू दिलेलं नाही. आज पहिल्यांदा ‘बसव’ म्हणाला, तर हा ठोंब्या नाही म्हणतोय.

आजी : डॉक्टरबाई कधी येणार आहेत?

भिंगरी : पाचला. उद्या त्यांच्याकडे फक्त लहान मुलांचे दात बघायचा दिवस आहे. खुर्चीत बसलेल्या मुलाच्या मांडीवर त्या ही बाहुली देतात. एका डोळ्याची बाहुली बघितली की मुलं आधी भोकाड पसरतात आणि मग तोंड जे मिटतात ते उघडतच नाहीत. परवा एकानं तर बाईंचं बोट चावलं.

आजी : म्हणजे बाहुलीच्या डोळ्यावर डॉक्टरबाईंचं बोट अवलंबून आहे म्हण की. बरं. घाई आहे, पण घाबरायचं नाही. मला सांग, तू नेमकं कुणाला विचारलंस?

भिंगरी : सांगितलं ना, संगणकाला.

आजी : ते झालं. यादीतल्या कुणाला? वाचून दाखव बघू तुझी यादी. माझा चष्मा आत राहिलाय.

भिंगरी : कंस. पुन्हा कंस. पुन्हा कंस. पुन्हा कंस. पुन्हा कंस. मग ‘निळा-१२’, ‘निळा-१२’. मग कंस बंद.

आजी : एवढे कंस कशाला गं मांडलेस?

भिंगरी : तूच शिकवलंस की! सगळ्यात बाहेरचा कंस म्हणजे दुकान. त्यात दोन कपाटं, एकेका कपाटाचा एकेक कंस. कपाटात खण, खणात डब्या, डबीत कापसाच्या पुड्या, पुडीत दोन डोळे. जे ज्याच्या पोटात, त्याचा कंस त्याच्या पोटात.

आजी : शाबास. आता सगळ्यात बाहेरच्या कंसात थेट काय आहे? थेट हं.

भिंगरी : दोन कपाटं.

आजी : त्यातलं ‘करडा-१४’ कुठलं?

भिंगरी : कपाट कसं डोळा असेल, आजी? तू पण ना... अय्या!

आजी : बोल, बोल.

भिंगरी : त्यानं फक्त कपाटं बघितली? दार उघडलंच नाही?

आजी : तू दाराला विचारलंस, ‘तू पाहुणा आहेस का?’ दार म्हणालं, ‘छे, मी दार.’ आणि तू घरी येऊन सांगितलंस, पाहुणे आलेच नाहीत. तो खोटं बोलला नाही हो. विचारलंस तेवढ्याचं उत्तर दिलं.

भिंगरी : भलताच प्रामाणिक आहे. जरा दार ढकलून बघितलं असतं तर हात झिजले असते का?

आजी : शाळेत मी इतकी वर्षं संगणक शिकवला, आणि प्रत्येक वर्गात कुणीतरी हेच म्हणायचं, ‘बाई, त्याला कळायला नको का?’ त्याला नको. कळायचं आपल्याला.

भिंगरी : मग दारंच काढून टाकते. ते सपाट करायचं असतं ना, फ्लॅट? लिहिलं. आता पुन्हा विचारते... श्शी! तरी नाहीच म्हणतोय!

आजी : आता वरच्या थराला काय दिसतंय?

भिंगरी : खण. कपाटं गेली, सगळे खण एका ओळीत आले.

आजी : एक साल निघालं. फ्लॅट म्हटलं की ते एकच साल काढतं. जास्त काढायची असतील तर किती, ते सांगावं लागतं.

भिंगरी : दोन सांगितली तर डब्या. तीन सांगितली तर पुड्या. चार सांगितली तर डोळे. पण आजी, मामानं एखाद्या डबीच्या आत आणखी एक डबी ठेवली असेल तर? तिथे चार सालं पुरायची नाहीत.

आजी : आता हा प्रश्न मला फार आवडला. थर मोजता येत नसतील तर आकडा द्यायचा नाही, ‘अनंत’ म्हणायचं. म्हणजे कंस संपेपर्यंत काढत राहा.

भिंगरी : अनंत! काय मस्त शब्द आहे. अनंत सालं... आजी! हो म्हणतोय! आहे! करडा-१४ आहे!

आजी : आणि यादी कशी दिसतेय?

भिंगरी : नुसते डोळे. कंस नाही, काही नाही. शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे एका रांगेत.

आजी : जणू दुकानातल्या झाडून सगळ्या डब्या एका परातीत ओतल्या. थांब, आत फोन वाजतोय. डॉक्टरबाईच असतील. सांगू ना, डोळा आहे म्हणून?

भिंगरी : सांग! भिंगरीनं शोधला म्हणून सांग!

(आजी आतल्या खोलीत जाते. दुकानात बराच वेळ काचा खळखळल्याचा आवाज. आजी परत येते आणि दारातच थांबते.)

आजी : डॉक्टरबाई निघाल्यात, आणि... भिंगरे, हे काय गं?

भिंगरी : सापडला! हा बघ, करडा. मापाच्या पट्टीतल्या भोकात घालून बघितला, बरोब्बर चौदा. संगणक नुसता ‘आहे, आहे’ म्हणत होता, कुठे ते सांगेना. मग मी पण अनंत केलं.

आजी : सगळ्या डब्या?

भिंगरी : दोन्ही कपाटं. खाली मऊ कापड घातलंय, एकसुद्धा फुटला नाही. तूच म्हणालीस ना, परातीत ओतल्यासारखं? परात नव्हती, म्हणून मोठा ट्रे घेतला. आजी, तू खाली का बसलीस?

आजी : काही नाही. एखादा घरंगळलाय का, बघते.

भिंगरी : मामा आला! मामा, डोळे मीट आणि हात पुढे कर!

मामा : हातात मेणाची पिशवी आहे. आणि डोळे मिटून आत यायला मी काय... ट्रेमध्ये काय आहे ते?

भिंगरी : डोळे.

मामा : ते दिसतंय. पुड्या कुठे आहेत?

भिंगरी : कापूस ना? त्या पोत्यात. सगळा नीट गोळा केलाय, एक तुकडासुद्धा खाली नाही.

मामा : सगळा.

आजी : अरे, आधी पाणी पी.

मामा : मी पाणी प्यायल्यानं जोड्या लागणार आहेत का, आई? भिंगरी, हे बघ. हा निळा बाराचा, हाही निळा बाराचा. एकसारखे आहेत?

भिंगरी : हो.

मामा : भिंगातून बघ.

भिंगरी : याच्यातल्या रेघा बारीक आहेत. त्याच्यात जाड.

मामा : काच फुंकणारा माणूस एका बैठकीत दोन डोळे करतो. ते दोनच एकमेकांचे. दुसऱ्या दिवशी त्याच रंगाचे, त्याच मापाचे केले तरी ते निराळे. एक याचा, एक त्याचा बसवला की बाहुली तिरळी नसून तिरळी दिसते. गिऱ्हाइकाला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण ते बाहुली उचलून घेत नाही.

भिंगरी : पण तुला करडा हवा होता. तो मिळाला की नाही?

मामा : कुठे होता?

भिंगरी : ट्रेमध्ये.

मामा : त्याआधी, महाराणी.

भिंगरी : ते... नाही माहीत.

मामा : मग तो मला चालणार नाही.

भिंगरी : का? करडा आहे, चौदाचा आहे, डॉक्टरबाई निघाल्यात!

मामा : कुणाचा आहे पण? एक तर ज्याचा जोडीदार फुटला असा एकटा असेल, तो मी वापरू शकतो. नाहीतर कुणाच्या तरी बाहुलीचा काढून ठेवलेला असेल. वरच्या फळीवर बघ, अकरा बाहुल्या डोक्याचा तडा जुळायची वाट बघतायत. त्यांचे डोळे या कपाटांतच होते. एकीला बरी करायला मी दुसरीला आंधळी करू का?

भिंगरी : डोळ्याकडे बघून नाही कळत, कुणाचा ते?

मामा : डोळ्यावर नाव नसतं. तो कुठे ठेवलाय, तेच त्याचं नाव. म्हणून तर एवढ्या डब्या आणि पुड्या. मला काय पसाऱ्याची हौस आहे?

भिंगरी : मला वाटलं हौसच आहे.

आजी : मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

मामा : आई, तू तिची बाजू घेऊ नकोस. आणि ती यादी? तीही अशीच ओतलीस ना?

भिंगरी : हो. अनंत केली. सगळे कंस गेले, मामा. मी सगळ्या सुट्टीत केलेलं सगळं...

आजी : रडायच्या आधी एक सांग. सपाट केलेली यादी कुठल्या नावानं ठेवलीस?

भिंगरी : ‘सपाट’.

आजी : आणि त्याआधीची?

भिंगरी : ‘दुकान’.

आजी : ‘दुकान’ उघड.

भिंगरी : त्यात काय असणार आता? कंस... कंस, कंस, कंस, कंस, ‘निळा-१२’, ‘निळा-१२’... आजी, सगळं आहे! मी तर सालं काढली होती!

आजी : काढली नव्हतीस. फ्लॅट मूळ यादीला हात लावत नाही. तिच्याकडे बघून दुसरी, सपाट यादी करून देतं. ट्रेचं तसं नसतं. तिथे ओतलं की मूळच ओतलं जातं. हे मी आधी सांगायला हवं होतं. परातीचा दाखला देऊन मोकळी झाले आणि फोन घ्यायला गेले.

मामा : म्हणजे यादीत अजून डोळे जिथल्या तिथे आहेत?

आजी : जिथल्या तिथे. फक्त आता ‘आहे का’ विचारायचं नाही, ‘कुठे’ विचारायचं. बस इकडे. तुझी मदत लागेल.

मामा : मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही.

आजी : तुला कपाट व्हायचंय फक्त. मी दुकान. भिंगरी, मला विचार, करडा चौदाचा कुठे आहे?

भिंगरी : अहो दुकान, करडा चौदाचा कुठे आहे?

आजी : माझ्यात तर डोळा नाही, कपाट आहे. म्हणून मी कपाटाला विचारते. कपाटा, करडा चौदाचा कुठे आहे?

मामा : पन्नाशीत हेच करायचं राहिलं होतं. माझ्यात खण आहेत. मी पहिल्या खणाला विचारणार. खण कोण?

भिंगरी : मी! माझ्यात डब्या. मी डबीला विचारते, करडा चौदाचा कुठे आहे? डबी कोण?

मामा : माणसं संपली, आई.

आजी : माणसं कशाला हवीत? प्रत्येकानं काय केलं ते आठवा.

भिंगरी : तू मामाला विचारलंस. मामानं मला. मी डबीला... सगळ्यांनी तेच केलं! आत डोळा असेल तर बघायचा. आत डबा असेल तर त्याला तोच प्रश्न विचारायचा. मग तो कपाट असो नाहीतर पुडी असो! म्हणजे हे एकदाच लिहायचं आणि त्यानं पुन्हा स्वतःलाच हाक मारायची?

आजी : आणि डबीत डबी असली तर?

भिंगरी : असू दे की! तिलाही तेच विचारायचं. थर मोजायलाच नकोत!

मामा : आणि सापडल्यावर? पुडीला कळलं, ते दुकानाला कसं कळणार?

आजी : बघ, कळतंय तुला. पुडी म्हणेल, ‘माझ्यात, अमुक जागी.’ डबी त्याच्या आधी पुडीचा नंबर लावेल. खण डबीचा लावेल. असं करत करत बाहेर येईल.

मामा : म्हणजे पत्ता. घरापासून सुरू करून गावापर्यंत यायचं.

भिंगरी : आणि डबी ‘माझ्यात नाही’ म्हणाली तर?

आजी : तर शेजारच्या डबीला विचारायचं. एका घरात नाही म्हणाले म्हणून कुणी गल्ली सोडतं का?

भिंगरी : लिहिते. तुम्ही बोलू नका. मामा, माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस.

मामा : दुकान माझं, श्वास माझा.

आजी : इथे एक कंस बंद करायचा राहिला.

भिंगरी : केला. आलं! शून्य, दोन, सात, चार, शून्य, शून्य. एवढा एकच.

मामा : शून्य? म्हणजे कपाटच नाही!

भिंगरी : पहिल्याला शून्य म्हणतो तो. पहिल्याच्या आधी कुणी नसतं म्हणून.

मामा : वेडाच आहे. बरं, पहिलं कपाट. दोन, म्हणजे हिरव्यांचा खण. करडा हिरव्यांत कशाला जाईल? तुझी यादी गाढव आहे.

भिंगरी : दोन म्हणजे तिसरा रे! शून्य, एक, दोन.

मामा : तिसरा? तो तपकिरी डोळ्यांचा. तिथेही करड्याचं काय काम?

भिंगरी : थांब, मामा. एक आकडा जास्त आहे. कपाट, खण, डबी, पुडी, डोळा, हे पाचच व्हायला हवेत. हे सहा आहेत. म्हणजे त्या डबीत आणखी एक डबी होती! आजी, मी म्हटलं होतं ना!

मामा : तपकिरींच्या खणात, आठव्या डबीत, आतली डबी. अरे हो. ती पत्र्याची, चपटी. एकट्यांची डबी!

आजी : एकट्यांची?

मामा : ज्यांचा जोडीदार फुटला ते सगळे. बहुतेक तपकिरी होते, म्हणून ती त्या खणात. हा एकच करडा. मी मूर्खासारखा करड्यांत शोधत बसलो. त्या पुडीत आणखी कोण आहे, बघ बरं.

भिंगरी : ‘तपकिरी-१४’. मी लिहिताना म्हटलं पण, ही कसली जोडी!

मामा : जोडी नव्हेच. दोन निरनिराळे एकटे. सुटे ठेवले तर खडखडतात, टवके उडतात. म्हणून एका कापसात गुंडाळले होते.

आजी : म्हणजे हा कुणाचा नाही.

मामा : कुणाचाच नाही. आणि रेघा बाईंच्या बाहुलीच्या उरलेल्या डोळ्याशी जुळतात, भिंगातून बघितलंय. चालेल.

भिंगरी : चालेल ना? मग मी आता... मामा, एक सांगू?

मामा : सांग.

भिंगरी : तू म्हणाला होतास, यादीनं शोधून दिला तर मी बसवायचा. पण डोळा यादीनं नाही शोधला. ट्रेनं शोधला. आणि सगळ्या जोड्या मोडल्या. म्हणजे मी हरले.

मामा : ट्रेमधला डोळा मी वापरला असता का?

भिंगरी : नाही. चालणार नाही म्हणालास.

मामा : मग? डॉक्टरबाईंना मी ‘नाही’ सांगून परत पाठवलं असतं. आता ‘आहे’ सांगणार, ते कुणाच्या जोरावर? हात धू. कोमट पाण्यानं. गार हातात काच निसटते.

भिंगरी : खरंच?

मामा : आणि उद्यापासून हा ट्रे. यादी सांगेल कुठल्या पुडीत कुठला रंग, कुठलं माप. त्यातला कोण कुणाचा, ते भिंगातून बघायला मी शिकवीन. सुट्टी संपेपर्यंत पुरेल तुला.

आजी : फळीवरच्या बाहुल्यांचे आधी लावा हं. त्या पाहुण्या आहेत.

भिंगरी : धुतले हात. मामा, त्या पुडीत आता एकटा तपकिरी राहिला. यादीत त्याचा कंस काढून टाकू? एकाच डोळ्याला कंस कशाला?

मामा : एकटा असला म्हणून त्याला कापूस नको का?

भिंगरी : ठेवते कंस.

आजी : दाराशी डॉक्टरबाई आल्यात रे.

मामा : बाकावर बसव त्यांना. वाचायला काहीतरी दे. दवाखान्यात आपण बसतोच की तासन्‌तास. हं, भिंगरी, इथे बस, माझ्या स्टुलावर. बाहुलीचं डोकं डाव्या हातात. केस उचलले की मागे भोक दिसेल. डोळा तिथून, आतल्या बाजूनं बसवायचा. मेण मऊ आहे तोवरच तो फिरतो.

भिंगरी : आतून? मग तो कुठे बघतोय ते मला कसं दिसणार?

मामा : दिसत नाही. आत असतो त्याला कधीच दिसत नाही. समोरच्याला विचारायचं. आई, समोर उभी राहा.

आजी : राहिले.

भिंगरी : डोळा मेणात सरकतोय.

मामा : सरकू दे. सोडू नकोस म्हणजे झालं.

भिंगरी : आजी, कुठे बघतेय?

आजी : एका डोळ्यानं माझ्याकडे. दुसऱ्यानं खिडकीकडे.

भिंगरी : आता?

आजी : आता छताकडे. अगदी थोडं खाली आण.

भिंगरी : आता?

आजी : आणखी जरासं. जरासं... थांब. माझ्याकडे बघतेय.